मँचेस्टर विद्यापीठाचा ट्रान्झिस्टर संगणक (१९५३): जुन्यापेक्षा हळू, तरी बांधला कशाला?

जुनाट_यंत्रं

संगणकाच्या पिढ्यांचं कोष्टक आपण सगळ्यांनीच एका मार्कासाठी पाठ केलंय. पहिली पिढी व्हॉल्व्हची (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या), दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची (एकाच तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर). वाचताना वाटतं की ट्रान्झिस्टर आला, तो वेगवान निघाला आणि व्हॉल्व्ह भंगारात गेले. मँचेस्टर विद्यापीठात जे घडलं ते या कोष्टकात नीट बसत नाही, म्हणून हा धागा.

तिथल्या संगणक-संशोधक टॉम किलबर्नच्या गटातल्या रिचर्ड ग्रिम्सडेल आणि डग्लस वेब या दोघांनी बांधलेला संगणक १६ नोव्हेंबर १९५३ रोजी चालू झाला. ट्रान्झिस्टरवर चालणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ९२ ट्रान्झिस्टर, ५५० डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), ४८ बिटांचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा आकडा. आणि विद्यापीठात आधीपासून असलेल्या व्हॉल्व्हच्या संगणकापेक्षा तो हळू होता!

थोडी पार्श्वभूमी. याच विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी 'बेबी' या छोट्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला होता. तो प्रोग्रॅम किलबर्ननेच लिहिलेला, अवघ्या १७ आज्ञांचा. त्यातून वाढत वाढत 'मँचेस्टर मार्क १' झाला. १९४९ च्या ऑक्टोबरात त्यात ४,०५० व्हॉल्व्ह होते आणि त्याला २५ किलोवॉट वीज लागायची. हजार वॉटच्या पंचवीस इस्त्र्या एका खोलीत दिवसभर चालू ठेवल्यासारखंच ते. पुढे फेरांटी कंपनीने त्यावर आधारित तयार यंत्र बनवलं आणि ते १९५१ च्या फेब्रुवारीत विद्यापीठात आलं.

म्हणजे संगणक हवा म्हणून हा उद्योग केला नव्हता, संगणक होता. किलबर्नच्या गटाने त्यानंतर एकाच वेळी दोन कामं काढली. एक 'मेग', जास्त वेगवान, फ्लोटिंग पॉइंट (दशांशचिन्ह सरकतं ठेवून केलेलं) गणित करणारं यंत्र. ते १९५४ च्या मे महिन्यात चालू झालं आणि त्यातून पुढे फेरांटीचा 'मर्क्युरी' निघाला. दुसरं काम म्हणजे लहान, कमी खर्चाचं, कमी वीज खाणारं यंत्र. आता बघा, वेगवान यंत्रासाठी त्यांनी काय वापरलं? व्हॉल्व्ह. आणि ट्रान्झिस्टर गेले स्वस्त यंत्रात. त्या काळी त्या माणसांच्या डोक्यात ट्रान्झिस्टरची जागा ही होती. ट्रान्झिस्टर घरात आला तो काटकसरीच्या दाराने, आणि माझ्या मते हीच गोष्ट ते कोष्टक लपवतं.

तेव्हाचे ट्रान्झिस्टर होते तरी कसे? बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी १९४७ च्या डिसेंबरात जो बनवला त्या जातीचे, पॉइंट-कॉन्टॅक्ट. जर्मेनियमच्या तुकड्यावर दोन बारीक तारांची टोकं एकमेकांच्या अगदी जवळ टेकवलेली. मँचेस्टरला ते स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीकडून मिळाले. सुरुवातीच्या बॅचेस इतक्या लहरी होत्या की यंत्र सरासरी दीड तास बिनचूक चालायचं, मग काहीतरी बिघडायचं.

हळूपणाचं मूळ मात्र ट्रान्झिस्टरपेक्षा ड्रममध्ये आहे. आधीच्या यंत्रांची स्मृती कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर असायची, विल्यम्स ट्यूब म्हणतात ती. कुठलाही शब्द हवा तेव्हा लगेच मिळायचा. पण त्या ट्यूबला हजारो व्होल्ट लागणार, म्हणजे ज्या खर्चातून सुटायचं तोच परत दारात. म्हणून इथे सगळी स्मृती फिरत्या चुंबकीय ड्रमवर ठेवली. हवा असलेला शब्द वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. संचयक वगैरे रजिस्टरंसुद्धा (चालू गणितातले आकडे तात्पुरते ठेवायच्या जागा) ड्रमच्याच एका पट्ट्यावर: एक डोकं लिहिणार, शब्दभर अंतरावरचं दुसरं डोकं वाचून परत पहिल्याकडे देणार, असा तो शब्द सतत फिरत राहायचा. त्यामुळे प्रत्येक बिटाला वेगळा फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) नको. ९२ ट्रान्झिस्टरमध्ये ४८ बिटांचा संगणक कसा बसला, याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं त्या ५५० डायोडमध्ये, कारण 'आणि', 'किंवा' ही तर्काची गेटं डायोडवर भागवता येतात.

१९५५ च्या एप्रिलमध्ये मोठी आवृत्ती तयार झाली: २०० ट्रान्झिस्टर, १,३०० डायोड. वीज? १५० वॉट. २५ किलोवॉटच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

बाकी प्रतिसादांतून येऊ द्या. इथे रेडिओवाले, रेल्वेवाले, विद्यापीठवाले सगळे आहेत.

पोटोबा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण दीड तासाने बंद पडणारं यंत्र म्हणजे आमच्या सोसायटीची लिफ्ट झाली की. त्यावर काम कसं करायचे लोक?

शंकासूर

लेख छान, पण 'पहिला' या शब्दाला माझी हरकत नोंदवून ठेवा. या यंत्रात व्हॉल्व्ह होते. १२५ किलोहर्ट्झचे घड्याळाचे ठोके निर्माण करायला व्हॉल्व्ह, ड्रमवर लिहा-वाचायच्या सर्किटमध्येही व्हॉल्व्ह. मग तो 'ट्रान्झिस्टर संगणक' कसा? पूर्ण ट्रान्झिस्टरचा म्हणायचा तर हारवेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रातला 'कॅडेट', फेब्रुवारी १९५५. त्यात ३२४ पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर होते. आणि घड्याळासाठीही व्हॉल्व्ह वापरावा लागू नये म्हणून त्यांनी त्याचा वेग मुद्दाम ५८ किलोहर्ट्झवर आणला. याला म्हणतात तत्त्वाला जागणं.

अमेरिकेत बेल लॅब्जचा 'ट्रॅडिक' जानेवारी १९५४ चा, म्हणजे मँचेस्टरनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. पण तो हवाई दलासाठी, आणि त्याच्याही घड्याळाचा पुरवठा व्हॉल्व्हवरच चालायचा. सोवळं कुणाचंच पूर्ण नाही.

अवांतर: 'कॅडेट' हे लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं उलटं वाचन आहे. सुलट वाचलं की 'टेडॅक'.

जुनाट_यंत्रं

@शंकासूर, हरकत मान्य. म्हणूनच लेखात 'नाव घेतलं जातं' इतकंच लिहिलंय. माझ्या दृष्टीने गणित करणारा आणि आज्ञा उलगडणारा भाग कशाचा आहे यावर नाव ठरावं. तो ट्रान्झिस्टर-डायोडचा होता. ज्या दोन ठिकाणी व्हॉल्व्ह राहिले तिथे जोरकस आणि स्वच्छ सिग्नल लागतो. तेव्हाच्या ट्रान्झिस्टरला ते झेपत नव्हतं. हारवेलने 'झेपत नाही तर हळू चालू' असं ठरवलं, मँचेस्टरने 'दोन ठिकाणी व्हॉल्व्ह चालतील' असं. दोन्ही निर्णय इंजिनिअरचेच.

@पोटोबा, दीड तासाने यंत्र जळायचं नाही हो. सरासरी तेवढ्या वेळाने चूक व्हायची किंवा एखादा भाग दगा द्यायचा. तो शोधायचा, बदलायचा, पुढे चालू. शिवाय ग्रिम्सडेल आणि वेब यांचं हे संशोधनाचं यंत्र होतं. ट्रान्झिस्टर कुठे आणि का दगा देतो हे कळणं हाच अर्धा हेतू. व्हॉल्व्हवाले संगणकही काही महिनोन् महिने अखंड चालत नसत. उलट शंकासूर म्हणतात तो कॅडेट नंतर नंतर सलग ८० तासांच्या वर चालायचा, तोही त्याच जातीच्या ट्रान्झिस्टरवर. म्हणजे जात वाईट नव्हती, ती सांभाळायला शिकावं लागलं.

रेडिओदुरुस्ती

पॉइंट-कॉन्टॅक्ट मी हातात धरलेला नाही, पण जर्मेनियमवर अर्धं आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरचा पाय पक्कडीने धरायचा, म्हणजे गरमी पक्कडीत जाते, आत पोचत नाही. उन्हाळ्यात दुपारी रेडिओ खरखरतो आणि संध्याकाळी आपोआप सुधारतो अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक यायचं. तापमान वाढलं की गळती करंट वाढतो, हे त्यामागचं कारण. ओसी ७१ म्हणून काचेचा काळा रंगवलेला ट्रान्झिस्टर यायचा. त्याचा रंग खरवडला की तो प्रकाशाला दाद द्यायला लागायचा. आम्ही पोरं त्याचा प्रकाश ओळखणारा भोंगा करायचो, महागडा फोटोट्रान्झिस्टर कोण आणणार!

आता धाग्यातला मुद्दा. पॉइंट-कॉन्टॅक्टची एक खुबी लोक विसरतात. नंतर आलेल्या साध्या जंक्शन ट्रान्झिस्टरमध्ये एमिटरमधून (करंट आत घालायचं टोक; कलेक्टर म्हणजे बाहेर घ्यायचं) जितका करंट घालाल त्यापेक्षा किंचित कमीच कलेक्टरला मिळतो. पॉइंट-कॉन्टॅक्टमध्ये तो जास्त मिळायचा. त्यामुळे एकटाच ट्रान्झिस्टर दोन स्थिर अवस्थांमध्ये राहू शकायचा. फ्लिप-फ्लॉपला जंक्शनचे दोन लागतात, इथे एकात काम. ट्रान्झिस्टर महाग, मिळायला कठीण, आणि संगणकात फ्लिप-फ्लॉप पदोपदी. या हिशोबात ही खुबी सोन्यासारखी. पण त्याच गुणामुळे सर्किट नको तिथे स्वतःहून उलटायचं. गुण आणि खोड एकाच मुळाचे.

माधवी_के

@रेडिओदुरुस्ती काका, दंडवत. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही, तिथे पॉइंट-कॉन्टॅक्ट म्हणजे पुस्तकातलं एक चित्र आणि पुढचं पान.

धागाकर्त्यांना प्रश्न: ड्रमवर थांबावं लागायचं म्हणजे नक्की किती? आणि प्रोग्रॅम लिहिणारा त्यावर काही करू शकायचा का?

जुनाट_यंत्रं

@माधवी_के, गणित ओळीने, एकेक बिट सरकवून होतं. घड्याळ १२५ किलोहर्ट्झ, म्हणजे एका ठोक्याला ८ मायक्रोसेकंद. ४८ बिटांचा शब्द पुढे सरकायला ४८ ठोके, म्हणजे ३८४ मायक्रोसेकंद. बेरजेचा खरा वेळ एवढाच. ड्रमची एक फेरी मात्र मिलिसेकंदांत मोजायची गोष्ट. त्यामुळे यंत्राचा बहुतेक वेळ वाट बघण्यात जायचा.

आणि हो, प्रोग्रॅमर बरंच करू शकायचा. आज्ञेतच पुढची आज्ञा कुठे आहे तो पत्ता असायचा. एक पत्ता आकड्याचा, एक पुढच्या आज्ञेचा. मग पुढची आज्ञा लगेच शेजारी ठेवायची सक्ती नाही. ही आज्ञा पूर्ण होईपर्यंत ड्रम जेवढा फिरेल, नेमक्या त्या जागी पुढची ठेवायची, की ती डोक्याखाली आयती येते. जमलं तर प्रोग्रॅम पळतो. एका घराने चुकलं की अख्खी फेरी फुकट. आज आपण कॅशेसाठी (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान स्मृतीसाठी) डेटा कसा मांडावा यावर डोकं खातो, तेच काम तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन करत.

डोनाऊकाठची

व्हिएन्नात राहते, त्यामुळे इथल्या यंत्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. विद्यापीठाचा ट्रान्झिस्टर संगणक म्हटलं की आमच्याकडे एकच नाव: 'मायल्यूफ्टर्ल'. तंत्रसंग्रहालयात ठेवलाय. चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच, आणि खोली जेमतेम अर्धा मीटर. भिंतीला टेकवलेल्या कपाटांच्या रांगेसारखा दिसतो.

हाइन्झ झेमानेक तेव्हा इथल्या तंत्रविद्यापीठात सहाय्यक होता. प्रोफेसर नव्हे, सहाय्यक. वरून आदेश नाही, अंदाजपत्रकात तरतूद नाही. विद्यार्थ्यांना हाताशी धरून १९५६ मध्ये त्याने काम काढलं. ट्रान्झिस्टर फिलिप्सने दिले, फुकट, पण श्रवणयंत्रात वापरायचे. म्हणजे हळू! अमेरिकेत तेव्हा यंत्रांना 'व्हर्लविंड', 'टायफून' अशी वादळांची नावं. झेमानेक म्हणाला, आमच्या ट्रान्झिस्टरवर वादळ काही व्हायचं नाही, पण व्हिएन्नातली मे महिन्यातली झुळूक नक्की होईल. तेच नाव पडलं.

आत सुमारे ३,००० ट्रान्झिस्टर, ५,००० डायोड आणि एक लाखाच्या आसपास सोल्डरचे जोड. २७ मे १९५८ रोजी त्याने पहिलं मोठं गणित केलं: ५,०७,३५,४८,२६१ ही संख्या अविभाज्य आहे हे ६६ मिनिटांत ठरवलं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यंत्र चाललं, नाव झालं, पण विद्यापीठाला ते आणि ती माणसं पोसवेनात. १९६१ च्या सप्टेंबरात झेमानेक, त्याचा गट आणि खुद्द यंत्रही आयबीएमकडे गेलं. आयबीएमची व्हिएन्ना प्रयोगशाळा त्यातून उभी राहिली. पीएल/वन या भाषेची गणिती काटेकोर व्याख्या तिथेच झाली. झेमानेक २०१४ मध्ये, नव्वदी ओलांडून गेला.

शंकासूर

@डोनाऊकाठची, मस्त. तुमची संख्या बघून हात शिवशिवले. तिचं वर्गमूळ ७१,२२८ च्या किंचित पुढे येतं. अविभाज्य ठरवायला तिथपर्यंतचे भाजक तपासले की पुरे. समजा फक्त विषम संख्यांनी भागून बघितलं, तर साधारण ३५,६०० भागाकार. ६६ मिनिटं म्हणजे ३,९६० सेकंद. एका भागाकाराला सुमारे ०.११ सेकंद, त्यात तपासणी आणि पुढचा भाजक घेणं धरून. श्रवणयंत्राच्या ट्रान्झिस्टरला वाईट नाही! मला हाताने एका भागाकाराला मिनिट धरलं तरी जेवणखाण-झोप सोडून पंचवीस दिवस लागतील.

पोटोबा

@शंकासूर तुम्ही पंचवीस दिवस बसा, मी डबा आणून देतो.

कुलाबा_कॉजवे

मुंबईची बाजू मांडायला हवीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने 'टिफ्रॅक' बांधला. आधी छोटं प्रायोगिक यंत्र, मग पूर्ण आकाराचं. १९६० मध्ये ते वापरात आलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी नाव दिलं. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि स्मृती मात्र तेव्हाच्या मानाने अद्ययावत: फेराइट कोअरची (बारीक चुंबकीय कड्यांची), ४० बिटांचे २,०४८ शब्द.

यावर नेहमीचा शेरा असा की टिफ्रॅक तयार झाला तेव्हाच जुना होता, कारण जग ट्रान्झिस्टरकडे गेलेलं. या धाग्यामुळे मला त्या शेऱ्याकडे वेगळं बघता आलं. टिफ्रॅकची आखणी झाली १९५० च्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा ट्रान्झिस्टरची स्थिती काय, तर मँचेस्टरसारख्या ठिकाणी, ट्रान्झिस्टर बनवणारी कंपनी देशातच असताना, दीड तास चालणारं यंत्र! आपल्याकडे बिघडलेला ट्रान्झिस्टर बदलायला दुसरा कुठून आणणार होते? परकीय चलन मागायचं, बोटीची वाट बघायची. त्या परिस्थितीत ओळखीचा, रेडिओवाल्यालाही कळणारा व्हॉल्व्ह घेणं हाच शहाणपणा. फेराइट कोअर निवडताना मात्र ते मागे राहिले नाहीत. म्हणजे नवं काही नको अशी वृत्ती नव्हती, कुठलं नवं पेलेल हे बघितलेलं होतं.

१९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला, तो ट्रान्झिस्टरचा, पण विकतचा. टिफ्रॅक त्यानंतर लवकरच थांबला.

जादवपुरी_जोशी

कोलकात्यातून एक भर. विद्यापीठासाठी बांधलेला ट्रान्झिस्टर संगणक भारतातही आहे: भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून केलेला 'इसिजू-१', १९६६ चा. दोन्ही संस्थांच्या आद्याक्षरांवरून नाव. मुंबई-पुण्याकडच्या लेखांत तो क्वचित येतो, टिफ्रॅकपाशी गाडी थांबते. सांख्यिकी संस्थेत त्याआधी दहा वर्षं परदेशातून आणलेली एचईसी-२एम आणि उराल ही यंत्रं चालवून हात बसलेला होता, हेही लक्षात घ्या.

सेगफॉल्ट

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी ७० टक्के सहमत. ट्रान्झिस्टर आधी काटकसरीसाठी आला, ठीक. पण किलबर्नच्याच गटाने १९५६ मध्ये 'म्यूज' प्रकल्प धरला तेव्हा गणित उलटलं होतं. उद्दिष्ट एका आज्ञेला एक मायक्रोसेकंद, आणि ते ट्रान्झिस्टरवरच. तीन वर्षांत 'स्वस्त आणि हळू' चा 'सर्वांत वेगवान' झाला! या प्रकल्पात पुढे फेरांटी आली आणि त्यातून 'ॲटलस' निघाला. ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते मँचेस्टरला उद्घाटन. तो बंद पडला की ब्रिटनची निम्मी गणनशक्ती गेली असं लोक म्हणायचे.

आणि मजा म्हणजे तिथेही ड्रम होताच. कोअर स्मृती १६ हजार शब्दांची, ड्रम ९६ हजारांचा. (इथे हजार म्हणजे १,०२४.) प्रोग्रॅमरला मात्र सगळी एकच सलग स्मृती दिसायची. ५१२ शब्दांचं एक पान. कोअरमध्ये अशी ३२ पानं मावतात. प्रत्येक पानाला एक रजिस्टर, त्यात सध्या कुठल्या पत्त्याचं पान इथे आहे ते लिहिलेलं. प्रोग्रॅमने पत्ता मागितला की ३२ रजिस्टरं एकदम तपासली जायची. कुठेच नाही? मग सुपरव्हायझर प्रोग्रॅम ड्रमवरून पान आणणार, आणि कुठलं पान बाहेर काढायचं तेही तोच ठरवणार, आतापर्यंतच्या वापरावरून अंदाज बांधून. आज प्रत्येक फोनमध्ये हे चालतं. वर जुनाट_यंत्रं यांनी लिहिलंय ना की १९५३ च्या यंत्रात प्रोग्रॅमर ड्रमच्या फेऱ्या मोजत बसायचा? त्याच विद्यापीठात, त्याच माणसाच्या हाताखाली नऊ वर्षांत हा जाच यंत्राच्या अंगावर टाकला गेला. माझ्या मते ट्रान्झिस्टरपेक्षा ही उडी मोठी.

विनायक_राव

उलट बाजू मांडतो. एवढं सगळं ठीक, पण दोन वर्षं थांबले असते तर जंक्शन ट्रान्झिस्टर हातात आले असते. मग पॉइंट-कॉन्टॅक्टवर कष्ट कशाला? विद्यापीठाचा पैसा, विद्यार्थ्यांची वर्षं.

जुनाट_यंत्रं

@विनायक_राव, थांबून काय केलं असतं? ट्रान्झिस्टर बदलतो, यंत्राची रचना बदलत नाही. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने हीच रचना घेतली, सर्किटं जंक्शन ट्रान्झिस्टरसाठी नव्याने आखली आणि 'मेट्रोव्हिक ९५०' बनवला. पहिलं यंत्र १९५६ मध्ये पूर्ण झालं, एकूण सहा केली, सगळी कंपनीतच वापरली. व्यावसायिक ट्रान्झिस्टर संगणकांत हे अगदी पहिल्यांपैकी. थांबले असते तर १९५५ मध्ये रचना कागदावर सुरू झाली असती. आणि किलबर्नच्या गटाने १९५६ मध्ये एका मायक्रोसेकंदाची भाषा कुठल्या भरवशावर केली असती? ट्रान्झिस्टरच्या खोड्या त्यांनी तोवर भोगून झाल्या होत्या.

@सेगफॉल्ट, उरलेल्या ३० टक्क्यांसाठी वेगळा धागा काढा. ॲटलस इथे प्रतिसादात मावणार नाही. इसिजू-१ वरही जोशींनी लिहावं.

विनायक_राव

सहा यंत्रं आणि तीही घरातल्या घरात? याला व्यवसाय म्हणायचं का, हा प्रश्न राहतोच. पण रचनेचा मुद्दा पटला.

लोहमार्गी

मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स! अहो, हे तर आपले घाटातले पाहुणे. जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) १९२० च्या दशकाच्या अखेरीस मागवलेली विजेची प्रवासी इंजिनं, पुढे ज्यांना डब्ल्यूसीपी-१ म्हणायला लागले, ती याच कंपनीची. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला तीच ओढायची. अवजड विजेची यंत्रं करणाऱ्या कंपनीने २०० ट्रान्झिस्टरच्या, १५० वॉटच्या यंत्रात हात घालावा याची गंमत वाटली. सविस्तर अवांतराबद्दल क्षमस्व, राहवलं नाही.

माधवी_के

हे अवांतर चालेल, रोज चालेल.

@रेडिओदुरुस्ती काका, एक बालिश प्रश्न. पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर आज बघायचा, करून बघायचा असेल तर? विकत तर मिळत नसणार. भाचा आठवीत आहे, त्याला विज्ञान प्रदर्शनात काहीतरी 'खरं' करायचंय.

रेडिओदुरुस्ती

मिळत नाही. करता येतो, पण चिकाटी लागते. १एन३४ जातीचा जुना जर्मेनियम डायोड घ्या, काचेचा. काच सांभाळून फोडली की आत जर्मेनियमचा चुरा नव्हे, नीट छोटा तुकडा निघाला पाहिजे. तोच पाया, म्हणजे बेस. त्यावर फॉस्फर-ब्राँझच्या बारीक तारेची दोन टोकं टेकवायची. अंतर केसाच्या जाडीइतकं किंवा त्याहून कमी, हीच खरी मारामारी. भिंग घ्या, तारांची टोकं घासून धारदार करा, हात थरथरला की पुन्हा पहिल्यापासून.

नुसतं टेकवून करंट फारसा वाढत नाही. कलेक्टरच्या तारेतून क्षणभर मोठा करंट सोडावा लागतो, त्याने टोकाखालचं जर्मेनियम बदलतं आणि मग तो गुण येतो. कारखान्यातही हेच करत, आणि बॅचेस लहरी निघायच्या त्या इथेच. ही पायरी भाच्याला एकट्याला करू देऊ नका, चार्ज केलेला कपॅसिटर हातात येतो.

प्रदर्शनाला वेळ थोडा असेल तर माझं ऐका: एखादा जुना ओसी ७१ मिळवा, जुन्या बाजारात अजून सापडतो. मात्र काच काळी असून आत पारदर्शक जेली असलेलाच घ्या. नंतरच्या काहींमध्ये आत अपारदर्शक भरण असतं, रंग कितीही खरवडला तरी उजेड आत जात नाही. त्यावर मल्टिमीटर लावून टॉर्च मारला की काटा हलतो. परीक्षकांना तेवढं पुरेल. काट्याचाच मीटर न्या, आकड्यांचा नको.